विजया तेल आणि ऑनलाइन वैद्य : भावाच्या दुखण्यासाठी घेतलेला सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून माझ्या धाकट्या भावाला विजया तेल चालू आहे. विजया म्हणजे भांगेचंच झाड, आयुर्वेदातलं त्याचं नाव. इंग्रजीत त्यालाच कॅनाबिस म्हणतात. आमच्या वाडीत त्याला अजून 'गांजाचं तेल' म्हणतात आणि तेही आवाज खाली करून, म्हणून हे सगळं उघडपणे लिहावंसं वाटलं. दुखण्याने रात्र रात्र जागणारं माणूस तुमच्या घरात असेल आणि मोबाइलवर या तेलाच्या जाहिराती येत असतील, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. तारे द्यायचे तर तेलाला पाचातले तीन, आणि तेलाबरोबर मिळालेल्या ऑनलाइन सल्ल्याला एक. कंपन्यांची नावं लिहीत नाही.

आधी दुखणं काय ते सांगते. देवगड तालुक्यात आमची हापूसची साठेक कलमं आहेत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात झेला घेऊन वर चढलेला भाऊ फांदी मोडून खाली जांभ्याच्या गडग्यावर पडला. कमरेचा मणका मोडला. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, स्क्रू-पट्ट्या बसल्या, पावसाळा संपेपर्यंत काठी टेकत पडवीत येऊ लागला. हाड जुळलं. पण डाव्या पायात पोटरीपासून तळव्यापर्यंत आग राहिली. चादर लागली तरी मिरची चोळल्यासारखं होतं, आणि पायावर बघायला जखम काहीच नाही. मज्जातंतू दुखावला की असं होतं. मार लागलेली जागा बरी होते आणि तिथून निघणारी खबर चालूच राहते. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मज्जासंस्थेचं चित्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल, पण ही गोष्ट मला त्याच्या पायाने शिकवली.

ऑपरेशननंतर त्याला दोन आठवड्यांसाठी ट्रामाडॉल या जोरदार वेदनाशामकाच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते नंतर येईलच.

पहिली बाटली मी स्वतः मागवली आणि चुकले. जाहिरातीत हिरवं सात बोटांचं पान, खाली 'सांधेदुखी, कंबरदुखी, निद्रानाश'. शंभर मिलीची बाटली, किंमतही झेपणारी. घरी आल्यावर चष्मा लावून लेबल वाचलं तेव्हा कळलं, ते हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच, पण बियांचं तेल होतं. शरीरावर परिणाम करणारी या झाडातली द्रव्यं, त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात, बियांत जवळपास नसतातच. ती असतात पान-फुलांवरच्या बारीक ग्रंथींत. बियांचं तेल खायला चांगलं आहे, ओमेगा-३ आणि ओमेगा-६ त्यात आहे, अन्न म्हणून ते विकायला २०२१ मध्ये परवानगीही मिळाली. पण आगीने तडफडणाऱ्या पायाला ते गोडेतेलाइतकंच उपयोगी. विकणाऱ्याने पानाचं चित्र लावून बियांचं तेल विकलं याचा मला अजून राग आहे. तुम्ही घेताना लेबलावर 'विजया पत्र' किंवा 'विजया सत्त्व' आहे का, आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक आहे का, आणि 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना आहे का ते बघा. औषधांच्या कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे, तिला शेड्यूल ई-१ म्हणतात. विजया त्या यादीत आहे, म्हणून ती सूचना छापावीच लागते. जिच्यावर सूचना नाही, ती बाटली मी घेणार नाही.

दुसरी बाटली खरी होती. त्यासाठी वेबसाइटवर फॉर्म भरायचा, पाचशे रुपये भरायचे, मग वैद्य व्हिडिओवर बोलतात आणि चिठ्ठी देतात. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून भावाला घेऊन मी सड्यावर गेले आणि रिक्षात बसून तो कॉल केला. सात मिनिटं चालला. वैद्य बाई अदबीने बोलल्या. दुखणं कुठे, किती वर्षं, झोप कशी, पोट साफ होतं का, रक्तदाब आहे का, हे विचारलं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर पाव मिली, जिभेखाली धरून मग गिळायचं, असं सांगितलं. 'सध्या इतर कोणती औषधं चालू आहेत आणि किती?' हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. कॉलवरही आला नाही.

कुरिअर वाडीपर्यंत येत नाही. नवव्या दिवशी नाक्यावरच्या किराणा दुकानात खोकं ठेवल्याचा फोन आला. खोक्यावर झाडाचं चित्र नव्हतं, ही कंपनीची समज मला आवडली. दुकानदाराने मात्र विचारलंच, हे कायद्यात बसतं का. बसतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर ठेवलेल्या आहेत. पानापासून परवाना घेऊन केलेलं आणि चिठ्ठीवर दिलेलं आयुर्वेदिक औषध म्हणूनच विकता येतं. दुकानदाराच्या आजीला पोट बिघडलं की वैद्य जातीफलादी चूर्ण देत, त्यात भांग असते हेही मी त्याला सांगितलं. त्याला ते नवीन होतं.

बाटली तीस मिलीची, गडद काचेची, ड्रॉपरवर पाव-पाव मिलीच्या खुणा. किंमत तीन हजार चारशे. तेल हिरवट काळं, चव कडू आणि ओल्या गवतासारखी. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर तपासणीचा अहवाल दिसतो, पण बॅच क्रमांक जुळवून पाहिला तर तो दुसऱ्याच बॅचचा होता. दोन मेल केल्यावर आमच्या बॅचचा आला. या झाडातली दोन मुख्य कॅनाबिनॉइड त्यात होती: दर मिलीत कॅनाबिडिऑल पंचवीस मिलिग्रॅम आणि टीएचसी बारा. हा आकडा मिळाल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, कारण नशा येते ती टीएचसीमुळे. कॅनाबिडिऑलने तशी नशा येत नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळच्या पाव मिलीने भावाला दहा वाजता भोवळ आली, तोंड कोरडं पडलं, पेजही नको म्हणाला. सकाळचा डोस आम्ही बंद केला. रात्रीचा पाव मिली ठेवला, आमटीभात जेवल्यावर. खोबऱ्याचं वाटण पोटात असताना घेणं योग्यच होतं असं पुढे वाचनात आलं. रिकाम्या पोटी कॅनाबिडिऑल फार थोडं रक्तात उतरतं, चरबीच्या जेवणाबरोबर त्याचं प्रमाण चार-पाच पटींनी वाढतं. चौथ्या रात्री तो सलग पाच तास झोपला. सकाळी चुलीपाशी येऊन म्हणाला, "ताई, काल माका झोप इली गो." पडल्यापासून त्या सव्वा वर्षात असं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पायाचं विचारलं तर म्हणाला, "पाय जळता तो जळताच. पण मी निजलंय."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्या तेलाविषयी मी आजवर जे काही वाचलं, त्याचं सार त्याने दोन ओळींत सांगितलं होतं.

वाचायला मी तेव्हाच बसले. सगळ्यात आधी आनंदामाइडपाशी थांबले. टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. हा रेणू मेंदूत कुठे बसतो ते १९९० च्या सुमारास कळलं, त्या जागेला सीबी-१ ग्राही म्हणतात. मग प्रश्न आला, झाडाच्या रेणूसाठी शरीराने कुलूप कशाला ठेवलं असेल? १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत शरीराची स्वतःची किल्ली सापडली आणि तिला नाव दिलं आनंदामाइड, संस्कृतातल्या आनंदावरून. दुखण्याची खबर पाठीच्या कण्यातून वर जाते त्या वाटेवर हे ग्राही आहेत, भीती, भूक, झोप सांभाळणाऱ्या भागांतही आहेत. म्हणून याचा दुखण्यावर उपयोग होईल अशी आशा धरणं वेडेपणाचं मुळीच नाही. आपल्याकडे तर १८३९ मध्येच कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने संधिवात आणि धनुर्वाताच्या रोग्यांना भांग-गांजाचा अर्क देऊन त्याची निरीक्षणं मांडली होती.

आता आशा किती आणि पुरावा किती, तो भाग. मज्जातंतूच्या जुनाट दुखण्यावर कॅनाबिसच्या औषधांच्या सोळा चाचण्या, सुमारे साडेसतराशे रोगी, यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये काढला. दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले लोक औषध घेणाऱ्यांत शंभरात एकवीस, तुलनेसाठी दिलेलं, दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं खोटं औषध घेणाऱ्यांत सतरा. म्हणजे शंभर माणसांत चारांचा फरक. आणि भोवळ, सुस्ती, गोंधळ यांचा त्रास औषधवाल्यांत जास्त. माझा भाऊ त्या चारांतला असेल का, हे आधी सांगता येत नाही. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांच्या दुखण्यावर रोज वीस ते तीस मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल बारा आठवडे दिलं, खोट्या गोळीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. व्हिएन्नात गुडघ्याच्या झिजेवर रोज सहाशे मिलिग्रॅम दिलं, तिथेही तेच. सांध्यांचं दुखणं वेगळं आणि मज्जातंतूंचं वेगळं, हे मला कळतं. पण जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत लिहिलेली असतात. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांची जागतिक संघटना आहे, तिने २०२१ मध्ये सांगितलं की दुखण्यासाठी कॅनाबिनॉइड सरसकट वापरावीत एवढा चांगला पुरावा आज नाही, संशोधन मात्र व्हायला हवं. मला ही भूमिका प्रामाणिक वाटली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या मदतकक्षाकडून व्हॉट्सॲपवर विचारणा आली, कसं वाटतंय. भावाने झोपेचं कळवलं. उत्तर आलं, 'अभिनंदन! आता पेनकिलर बंद करून बघा, शरीर स्वच्छ होऊ द्या.' हे लिहिणारा वैद्य नव्हता, तो ग्राहकसेवेतला माणूस होता. भावाने त्याच दिवशी पेनकिलर बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला. एकसारख्या जांभया, नाकातून पाणी, जुलाब, आणि पाय असे वळवळत होते की त्याला बाकावर बसवेना. बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली. मला वाटलं तेल बाधलं, मी बाटली कपाटात कुलपात ठेवली. आढीच्या खोलीत कोरडी चादर शोधायला गेले तर आंबे पिकत घालायच्या गवताखाली रिकाम्या स्ट्रिप्स सापडल्या. एक-दोन नव्हे, पिशवीभर. दोन आठवड्यांच्या कॅप्सूल तो पंधरा महिने घेत होता. पन्नास मिलिग्रॅमच्या रोज आठ. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी ओळखीवर स्ट्रिप मिळत राहिली. मी त्याच घरात राहते. मला कळलं नाही. तो म्हणाला, "तेंनी इचारूकच नाय, मगे मी कशाक सांगू?" आणि मग लहान पोरासारखा रडला, मीही रडले.

त्याला तेलाने काही झालं नव्हतं. ट्रामाडॉल अफूच्याच वाटेवर काम करतं, शरीराला सवय लागल्यावर एकदम तोडलं की शरीर असंच उठतं. रात्री १४४४६ ला फोन लावला, व्यसनमुक्तीची ती सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मनाने बंद करू नका आणि सकाळीच डॉक्टरकडे न्या म्हणाल्या. एका सरकारी रुग्णालयात दुखण्याची वेगळी ओपीडी चालते, तिथे दोन एसट्या बदलून नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: काय काय घेता, किती, कधीपासून? स्ट्रिप्स मी बरोबर नेल्या होत्या. त्यांनी मोजल्या.

मी त्यांना सरळ विचारलं, हे तेल त्या कॅप्सूलची सवय सोडवेल का? कारण कंपनीच्या पानावर तसं सुचवलेलं होतं. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं दिली, बाहेर रांग असताना. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई या वैद्यकीय संस्थेत यास्मिन हर्ड या संशोधक बाईंनी २०१९ मध्ये हेरॉइन सोडलेल्या बेचाळीस जणांवर चाचणी केली. काहींना रोज चारशे, काहींना आठशे मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल, सलग तीन दिवस. हेरॉइनची आठवण करून देणारी चित्रं दाखवल्यावर त्यांची ओढ आणि घालमेल खोट्या औषधवाल्यांपेक्षा कमी राहिली, आणि शेवटच्या डोसनंतर आठवडाभरानेही फरक दिसत होता. हे वाचून मन उचंबळतं. पण ती आधीच सोडलेली माणसं होती, औषध शुद्ध होतं, आणि मात्रा बघा. आमची अख्खी बाटली साडेसातशे मिलिग्रॅमची. चारशेच्या हिशेबाने ती दोन दिवसही पुरत नाही. माझा भाऊ रात्री जे घेतो त्यात कॅनाबिडिऑल सहा मिलिग्रॅम आहे. त्या चाचणीचं नाव घेऊन ही बाटली विकणं मला मान्य नाही.

दुसरी गोष्टही त्यांनीच सांगितली, मी नंतर शोधून वाचली. अमेरिकेत ज्या राज्यांनी औषधी कॅनाबिसला परवानगी दिली, तिथे १९९९ ते २०१० या काळात अफूवर्गातल्या औषधांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी दिसले, असा अभ्यास २०१४ मध्ये आला. सगळीकडे तो गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशेब २०१७ पर्यंत नेला, तर आकडा उलटला, तेवीस टक्क्यांच्या आसपास जास्त. कॅनाबिसने मृत्यू वाढवले असा याचा अर्थ होत नाही. राज्याराज्यांच्या आकड्यांतून एका माणसाच्या पायाला काय लागू पडेल ते काढता येत नाही, एवढाच होतो. कंपनीच्या पानावर पहिला अभ्यास आजही आहे. दुसरा नाही.

कॅनाबिसची सवय लागत नाही, असंही ऐकते. लागते. आणि गंमत अशी की ती सोडवायलाही कॅनाबिडिऑल वापरून पाहिलं आहे, लंडनमधल्या २०२० च्या चाचणीत चारशे आणि आठशे मिलिग्रॅमने उपयोग दिसला, दोनशेने नाही. डॉक्टरांनी आमचं तेल बंद केलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, झोप मिळतेय तर रात्रीचा पाव मिली राहू दे. मेंदूच्या बुडाशी श्वास चालवणारा भाग आहे, तिथे सीबी-१ ग्राही फार थोडे, म्हणून अफूवर्गासारखा याने श्वास थांबत नाही. पण दोन्ही एकत्र घेतलं की सुस्ती वाढते, आणि कॅनाबिडिऑल यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सची औषधं घेणाऱ्याने हे मनाने सुरू करणं धोक्याचं. या तेलावर गाडी चालवायची नाही, म्हणून आंब्याच्या टेम्पोची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे.

ट्रामाडॉल दर दोन आठवड्यांनी एक कॅप्सूल कमी. गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत डॉक्टरांना विचारून थांबलो, पुन्हा सुरू केलं. पायाच्या आगीसाठी दुसरी गोळी दिली, पाण्यात उभं राहून करायचे व्यायाम दिले. त्यासाठी तो भरतीच्या वेळी खाडीवर जातो, कमरेभर पाण्यात.

ऑक्टोबरात मी एक प्रयोग केला, डॉक्टरांच्या संमतीने. चार आठवडे कॅप्सूल तीनवरच ठेवल्या, दोन आठवडे तेल चालू आणि दोन आठवडे बंद. रोज संध्याकाळी दुखणं शून्य ते दहांत किती आणि रात्री किती तास झोप, हे वहीत. तेल असताना झोप सरासरी साडेपाच तास, नसताना चार. दुखण्याचा आकडा दोन्ही वेळा सहाच्या आसपास. खरं तर कोणत्या आठवड्यात काय चालू आहे हे त्याला कळता कामा नये, पण ती कडू चव लपवायला मला काही सापडलं नाही. म्हणून या वहीवर मी तेवढाच विश्वास ठेवते. झोप झालेल्या दिवशी तो खाडीवर जातो, न झालेल्या दिवशी पडून राहतो, हे मात्र मला वहीशिवाय दिसतं. तीन तारे त्यासाठी आहेत.

आपल्या देशात यावर नीट काम सुरू आहे ही माझ्या मनाला धीर देणारी गोष्ट. जम्मूमध्ये सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या संस्थेत परवाना घेऊन कॅनाबिसची लागवड आणि त्यापासून मज्जातंतूचं दुखणं, कर्करोगातलं दुखणं, अपस्मार यांवर औषधं काढायचा प्रकल्प आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान झालं, सत्तावीस विरुद्ध पंचवीस, त्यात भारताने बाजूने मत दिलं. अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांवर शुद्ध कॅनाबिडिऑलचं औषध अमेरिकेत २०१८ पासून रीतसर मिळतं, कारण आधी मुलांवर काटेकोर चाचण्या झाल्या. दुखण्यासाठी आणि सवय सोडवण्यासाठी त्याच दर्जाचं काम व्हावं, त्यात कोकणातल्या झाडावरून पडलेल्या माणसांनाही घ्यावं, असं मला फार वाटतं. दर हंगामात कोणी ना कोणी पडतं.

कंपनीला मी दोनदा लिहिलं आहे, फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'सध्या चालू असलेली सर्व औषधं, मात्रा आणि किती दिवसांपासून'. आणि औषध बंद करायला ग्राहकसेवेतल्या माणसाने सांगू नये. पहिल्या मेलला पुढच्या बाटलीवर दहा टक्के सूट आली. दुसऱ्याला उत्तर आलेलं नाही. तिसरी बाटली त्यांचीच आहे, निम्मी उरली आहे, बॅचचा अहवाल या वेळी पहिल्यांदाच बरोबर होता.

कलमांना मोहोर धरलाय. कॅप्सूल एकवर आहे, ती सुटेपर्यंत डॉक्टरांनी घाई करायची नाही म्हणून सांगितलंय. भाऊ यंदा वर चढणार नाही, खाली बसून पेट्या भरणार आहे.